यादी खालून वाचायची

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावात तहसीलच्या रस्त्याला माझं ई-सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीकविमा, पॅनकार्ड, पोलीस भरतीचा अर्ज, असली कामं वर्षभर चालतात. जून लागला की गिऱ्हाईक बदलतं. नीटचा निकाल आणि मृगाची पेरणी एकाच पंधरवड्यात येते, त्यामुळे पायाला माती लागलेले बाप मोबाईलमधलं गुणपत्रक पुढं करत दारात उभे राहतात. "सर, एवढ्यात नंबर लागतो का बघा." मी कोणाचा सर नाही. बी.एस्सी. झालो, नोकरी लागली नाही, दुकान टाकलं. पण आमच्याकडं कॉम्प्युटरपुढं बसणारा प्रत्येक जण सरच असतो.

सुरुवातीला माझं काम नुसतं टायपिंगचं होतं. लोक सांगतील ते भरायचं, प्रिंट द्यायची, पैसे घ्यायचे. सीईटी सेल वैद्यकीय प्रवेशाच्या प्रत्येक फेरीनंतर निवड यादी पीडीएफमध्ये टाकतं. पानंच्या पानं असतात. लोक आपलं नाव शोधतात आणि फाइल बंद करतात. मी त्या फाइली जपून ठेवायला लागलो. प्रत्येक ओळीत राज्य गुणवत्ता क्रमांक, नाव, प्रवर्ग, जागा कुठल्या कोट्यातून मिळाली ते, आणि कॉलेज. ही यादी वरून वाचण्यात काही राम नाही. वर कोण आहेत ते सगळ्या जिल्ह्याला माहीत असतं, क्लासवाल्यांनी त्यांचे फोटो चौकाचौकांत लावलेले असतात. यादी खालून वाचायची. अमुक कॉलेज घ्यायचं, अमुक प्रवर्ग घ्यायचा, मुलींची जागा की सर्वसाधारण ते बघायचं, आणि तिथं शेवटचं नाव कितव्या क्रमांकाचं आहे ते टिपून ठेवायचं. त्या नावाच्या वर आपलं लेकरू बसतं की खाली, एवढाच सगळा खेळ. अशी टिपणं वर्षागणिक करत गेलो आणि लोक मला फॉर्मच्या आधी अंदाज विचारायला लागले.

बाप मंडळी मार्क घेऊन येतात. मार्कावर काही कळत नाही, हे पटवून देण्यातच माझा अर्धा जून जातो. "आमच्या मेव्हण्याच्या पोराला एवढ्यालाच सरकारी लागलं होतं की!" लागलं असेल, कोणत्या साली? ६५० गुणांना २०२३ साली देशात सात हजारांच्या आसपासचा क्रमांक होता. २०२४ ला तेवढ्याच गुणांचा क्रमांक तीस हजारांच्या घरात गेला. ते सालच विचित्र. पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२०, मग ग्रेस मार्कांचा गोंधळ, सुप्रीम कोर्ट, काहींची फेरपरीक्षा, आणि जुलैअखेर सुधारित निकाल आला तेव्हा पैकीच्या पैकीवाले १७ उरले. खुल्या प्रवर्गातली सहाशे गुणांची मुलं त्या वर्षी राज्यातल्या सरकारी जागांच्या बाहेर राहिली. पुढच्याच वर्षी, २०२५ ला, फिजिक्सनं असा घाम काढला की देशात पहिल्या आलेल्याला ६८६ मिळाले आणि साडेपाचशेवाला बिनघोर सरकारी कॉलेजात जाऊन बसला. म्हणजे एका साली रडायला लावणारे गुण दुसऱ्या साली पेढे वाटायला लावतात. म्हणून मी गुणपत्रकावर बोट ठेवतो ते खालच्या ओळीवर, जिथं अखिल भारतीय क्रमांक छापलेला असतो. राज्याची गुणवत्ता यादी पुढं महिना-दोन महिन्यांनी लागते. तोवर गेल्या वर्षीची यादी काढायची. तिच्यात राज्याचा क्रमांक आणि देशाचा क्रमांक शेजारी शेजारी असतात, त्यावरून जोडी लावायची. अंदाज थोडा पुढं-मागं होतो, पण मेव्हण्याच्या पोरापेक्षा बरा.

क्रमांक झाला की मी कागदांची पिशवी उघडायला सांगतो. शहरातली समुपदेशक मंडळी पिशवी शेवटी बघतात असं ऐकून आहे. इथं पिशवीतच निम्मा निकाल असतो. जात प्रमाणपत्र आहे पण वैधता नाही, नॉन-क्रिमीलेयर आहे पण मुदत मार्चमध्येच संपली, अधिवास आहे पण आडनावात एक वेलांटी वेगळी. व्हॅलिडिटी वेळेत हाती नसेल तर राखीव जागेवरचा दावा जातो आणि मूल खुल्या यादीत जाऊन पडतं, मग क्रमांक कितीही बरा असो. आमच्या तालुक्यात आंध समाज आहे, बंजारा आहेत, हटकर आहेत. अनुसूचित जमातीच्या दाव्याला १९५० च्या आधीचा पुरावा भक्कम धरतात, विमुक्त-भटक्यांना १९६१ च्या आधीचा, ओबीसींना १९६७ च्या आधीचा. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर निर्गम उतारा कुठून आणायचा? मग खासरा पाहणी पत्रक शोधा, निजामाच्या काळातले उर्दू कागद वाचणारा माणूस शोधा. एका आंध कुटुंबातल्या मुलाचा क्रमांक मला यादीत सरळ बसताना दिसत होता आणि व्हॅलिडिटीचं प्रकरण समितीपुढं अडून होतं. ते वेळेत सुटलं, पण वडिलांनी त्या उन्हाळ्यात एसटीला घातलेल्या पैशांत एक गोऱ्हा आला असता. तेव्हापासून अकरावीच्या प्रवेशाला आलेल्या प्रत्येक बापाला मी क्लासआधी व्हॅलिडिटीचा अर्ज भरायला लावतो. काही जणांना वाटतं मी माझा धंदा बघतोय. वाटू दे.

मराठा घरांत तर एका छपराखाली तीन तऱ्हेचे कागद सापडतात. थोरला ईडब्ल्यूएसवर शिकला, मधल्यानं मराठा आरक्षणाच्या फेब्रुवारी २०२४ च्या कायद्यानंतर एसईबीसी काढलं, चुलतभावाची कुणबी नोंद सापडली म्हणून तो ओबीसी. २ सप्टेंबर २०२५ ला कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला त्या आठवड्यात माझ्याकडं रांग लागली होती. हिंगोली निजामाकडं होती, त्यामुळे आशा इथंच जास्त. पण तेव्हा प्रवेशाच्या फेऱ्या चालू होत्या. दाखला मिळण्याला वेळ, त्याच्या पडताळणीला आणखी वेळ. आणि कागद मिळाला म्हणून तो वापरलाच पाहिजे असंही नाही. तिन्ही याद्यांची शेवटची ओळ वेगवेगळ्या ठिकाणी असते आणि दर वर्षी हलते. एसईबीसी आल्यावर मराठा मुलं ईडब्ल्यूएसमधून बाहेर पडली आणि ईडब्ल्यूएसची शेवटची ओळ खाली सरकली. जातीच्या राजकारणावर पारावर काय बोलायचं ते बोला, यादी मात्र शांतपणे हिशेब दाखवते.

जागा कुठं आहेत हेही बघावं लागतं. २०२० पर्यंत राज्यात सत्तर-तीस होतं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग, त्या त्या भागातल्या ७० टक्के जागा तिथल्याच मुलांना. मराठवाड्यात कॉलेजं मोजकी आणि लातूर-नांदेडच्या क्लासांतून निघणारी मुलं भरमसाट, त्यामुळे आमच्याकडची शेवटची ओळ कायम वर असायची. लातूरचेच अमित देशमुख वैद्यकीय शिक्षणमंत्री असताना सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झालं. इथं फटाके वाजले. खरं सांगायचं तर फायदा झाला तो लातूरला जाऊ शकणाऱ्या पोरांचा. बारावीपर्यंत सेनगावातच राहिलेल्या, क्लास न लावलेल्या मुलाचं नाव तेव्हाही त्या ओळीच्या खाली होतं आणि आताही खालीच आहे. तामिळनाडूनं त्याच २०२० साली सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी वैद्यकीयच्या साडेसात टक्के जागा वेगळ्या काढल्या. तसं काही आपल्याकडं झालं तर आमच्या जिल्हा परिषद शाळांच्या पटावरची नावं मला या पीडीएफमध्ये दिसतील. सध्या दिसतात ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

जागा वाढल्या हे मात्र खरं. आधी मराठवाड्यात सरकारी म्हटलं की औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड, लातूर. मग धाराशिव आलं, परभणी आलं, आणि २०२४ ला आमच्या हिंगोलीला १०० जागांचं कॉलेज मिळालं. राज्यातल्या दहा नव्या कॉलेजांचं उद्घाटन त्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनी दूरदृश्य पद्धतीनं केलं, त्यात हिंगोली होतं. या नव्या कॉलेजांच्या जागा प्रवेश चालू असतानाच वाढल्या. अशा कॉलेजचा अंदाज कशावरून करायचा? गेल्या वर्षीची यादीच नाही. मी शेजारची नवी कॉलेजं बघितली. परभणीची पहिल्या वर्षीची शेवटची ओळ काढली आणि तिच्या थोडं खाली हिंगोली धरलं. लोक नव्या कॉलेजला बिचकतात. इमारत नाही, दवाखाना तोच जुना, म्हणून पसंतीक्रमात खाली टाकतात. ज्याचा क्रमांक काठावर आहे त्यानं नेमकं याच बिचकण्याकडं बघावं.

आता २०२५ च्या जूनमधली एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तिच्यात हे सगळंच होतं.

हिंगोलीकडच्या रस्त्याला असलेल्या गावातले एक मामा आले. माळी समाज, चार-पाच एकर, हळद आणि सोयाबीन. मुलगी सोबत. ती बाकावर बसली आणि गुणपत्रकाची प्रिंट उलटी करून मांडीवर ठेवली. तिचा हा दुसरा प्रयत्न. २०२४ ला ५४० मिळाले होते, सरकारी लागलं नाही म्हणून लातूरला पुन्हा एक वर्ष ठेवली. यंदा ४८१. घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं हे मामांच्या बोलण्यावरून कळलं. गावातल्या कोणीतरी म्हटलं होतं, पैसे घालून मार्क कमी केले.

"काय म्हणता सर, सोडून द्यावं का डॉक्टरकीचं?"

मी दोन्ही गुणपत्रकं शेजारी ठेवली. गेल्या वर्षीचा क्रमांक दीड लाखाच्या पुढचा, यंदाचा ऐंशी हजारांच्या आसपास. एकोणसाठ मार्क घटले आणि पोरगी निम्म्या गर्दीला मागं टाकून पुढं आली होती. मामांना हे तीनदा समजावून सांगावं लागलं. चौथ्यांदा मुलीनंच सांगितलं, "बाबा, पेपर अवघड होता, सगळ्यांचेच गेले." मग त्यांनी प्रिंट हातात घेतली आणि क्रमांकाच्या आकड्यावर अंगठ्याचं नख ओढलं.

मी माझ्या टिपणांतून तीन ढीग करतो. नक्की, काठावर आणि सोडून द्या. तिचं बीएएमएस नक्की होतं. खासगी एमबीबीएस, ओबीसीतून, लागण्यासारखं दिसत होतं. सरकारी एमबीबीएस काठावर. मुलींच्या ३० टक्के समांतर आरक्षणामुळे थोडा उजेड, पण भरवसा नाही. मुंबई-पुण्याची नावाजलेली कॉलेजं सोडून द्या. हे कागदावर लिहून दिलं. तोंडी सांगितलेला अंदाज घरी जाईपर्यंत वाढतो, हा माझा अनुभव आहे. "काठावर" म्हटलेलं पारावर पोचेस्तोवर "लागलंच समजा" होतं.

मामांनी कागद खिशात घातला आणि खरा प्रश्न काढला. लातूरच्या क्लासवाल्यांचा फोन आला होता. जूनअखेर प्रवेश घेतला तर फीमध्ये सवलत, नंतर नाही. लाखाच्या पुढं फी, वर खोली आणि मेस. हळदीचा भाव पडला होता म्हणून त्यांनी माल घरात ठेवलेला. "आता विकू का? तिसरं वर्ष घालू का?" जूनमध्ये माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक बापांच्या मनात हेच असतं. लेकराच्या निकालावर शिक्कामोर्तब करून घ्यायला ते आलेले नसतात, कर्ज काढायचं की नाही ते विचारायला आलेले असतात. नंबर लागेल का, या प्रश्नाला यादी उत्तर देते. अजून एक वर्ष घालू का, याला यादी उत्तर देत नाही. त्यासाठी लेकराची उत्तरपत्रिका बघावी लागते, आणि ती कोणी बघत नाही.

नीट घेणारी एनटीए उत्तरपत्रिकेची स्कॅन प्रत आणि उत्तरसूची देते. मुलीनं दोन्ही उतरवून ठेवल्या होत्या. आम्ही बसून मोजलं. १८० प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. १२८ बरोबर, ३१ चूक, २१ सोडलेले. बायोलॉजीच्या ९० पैकी ७९ बरोबर, म्हणजे तिथं आणखी काढण्यासारखं फार उरलं नव्हतं. केमिस्ट्रीत २९. फिजिक्सच्या ४५ पैकी २० बरोबर, १३ चूक, १२ सोडलेले. हातात ६७ गुण. आता हे आकडे वाचायचे कसे? चुकांमध्ये आळस दिसतो की अज्ञान, हे मी मुलांनाच विचारतो. तिला फिजिक्समधल्या चुकलेल्या प्रश्नांवर एकेक करून बोट ठेवायला लावलं. घाईत चुकलेले तीन-चार निघाले. बाकीचे तिला तेव्हाही येत नव्हते आणि आजही येत नव्हते. दोन वर्षं लातूरचे चांगले मास्तर असून फिजिक्स तिथंच थांबलं असेल, तर तिसऱ्या वर्षी ते एकदम उडी मारेल असं मी तरी म्हणणार नाही. माझ्या माहितीतल्या तीन-तीन वर्षं काढलेल्या मुलांपैकी ज्यांनी झेप घेतली, त्यांच्या चुका घाईच्या होत्या, नाहीतर आजारपण वगैरे काही घडलेलं होतं.

मुलगी इतका वेळ आकडे सांगत होती. मध्येच म्हणाली, "मला फिजिक्स परत नको." मामांनी तिच्याकडं बघितलं. त्यांनी तिला हे कधी विचारलंच नव्हतं, असं मला वाटलं.

मी म्हटलं, यादी लागेपर्यंत क्लासला एक रुपया भरू नका. सवलत गेली तर गेली. खासगी लागलं तर पैशाचा प्रश्न वेगळाच आहे: जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे, केंद्रीय फेरीतून प्रवेश घेतला असेल तर. मॅनेजमेंट कोट्याला नाही, अभिमत विद्यापीठांना नाही. आणि माफीत वसतिगृह येत नाही, मेस येत नाही, पुस्तकं येत नाहीत. तेही त्याच कागदावर खाली लिहिलं, अंदाजे आकड्यांसकट. लोक "फी माफ" एवढंच ऐकतात.

निकालानंतर मामांना दलालांचेही फोन येत होते. नंबर कुठून मिळतो कोण जाणे, पण निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक बापाच्या फोनवर कोणीतरी गोड बोलणारा असतो. सीट बसवून देतो, टोकन पाठवा. यांचा अंदाज नेहमी शंभर टक्के असतो, हीच त्यांची ओळख. एवढं सांगितलं की मी त्या विषयावर वेळ घालवत नाही.

पसंतीक्रम भरायला ते रात्री आले, दिवसा सर्व्हर चालत नाही म्हणून. ओटीपी मुलीच्या मावसभावाच्या फोनवर जात होता आणि मावसभाऊ रिसोडला होता. त्याला फोन लावून जागं ठेवायचं, आकडे विचारायचे, दोन मिनिटांत टाकायचे. एकदा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मामांचा आग्रह हिंगोली पहिलं टाका. घरापासून तासाभराच्या वाटेवर, पोरगी रविवारी येईल-जाईल. मुलीला मुंबईचं केईएम पहिलं टाकायचं होतं. मामा चिडले. "जिथं लागतच नाही ते वर टाकून जागा कशाला वाया घालवायची?"

ही समजूत आमच्याकडं घरोघर आहे, आणि शिकलेल्या माणसांतही आहे. कॉम्प्युटर गुणवत्ता यादी वरून खाली घेतो. तुमचा क्रमांक आला की तुमची पहिली पसंती बघतो. तिथं तुमच्या प्रवर्गाची जागा शिल्लक नसेल तर दुसरी, मग तिसरी. वर न लागणारं कॉलेज टाकलं म्हणून खालच्या कॉलेजातला तुमचा हक्क कमी होत नाही, कारण तुमच्या मागच्याला तुमच्या आधी विचारतच नाहीत. म्हणून क्रम आवडीचा लावायचा, अंदाजाचा नाही. अंदाज लागतो तो दुसऱ्या ठिकाणी: यादी किती खाली न्यायची आणि कुठं थांबायची. फेऱ्या पुढं सरकतात तशी मिळालेली जागा नाकारायची मोकळीक कमी होत जाते, तेव्हा जिथं जायचंच नाही किंवा जे परवडणारच नाही ते यादीत असताच कामा नये. केईएम टाकलं. फुकट आहे, टाकलं तर काय बिघडलं. मग सरकारी सगळी, तिच्या आवडीच्या क्रमानं. हिंगोली बापाच्या समाधानासाठी तिनं बरंच वर घेतलं. मग खासगी, त्यातली दोन मी गाळायला लावली, कारण तिथं माफी असूनही आधी रक्कम मागतात असं आधीच्या पोरांकडून कानावर होतं.

त्या सुमारास माझ्या वर्गमित्राचा अमेरिकेतला भाऊ गावी आला होता. त्याची मुलगी तिकडं बारावीला. दुकानात बसून माझी टिपणं बघत होता. तिकडं हार्वर्डला २०२४ च्या प्रवेशासाठी चोपन्न हजारांच्या आसपास अर्ज आले आणि घेतले दोन हजारांहून कमी. मार्क पैकीच्या पैकी असलेली मुलंसुद्धा परत पाठवतात. निबंध बघतात, शिक्षकांची शिफारस बघतात, पोरगं शाळेबाहेर काय करतं ते बघतात. तिथले समुपदेशकही म्हणे तीनच ढीग करतात. "पण तुला शेवटचं नाव दिसतं रे," तो म्हणाला, "आम्हाला तेही दिसत नाही." मला आमच्या पद्धतीचं फार कौतुक नाही. एका दुपारच्या पेपरावर माणसाचं आयुष्य लावणं काही शहाणपणाचं नव्हे. पण सेनगावातल्या दुकानात बसून मला जे दिसतं ते मंत्रालयात बसलेल्यालाही तेवढंच दिसतं, ही गोष्ट लहान नाही. निबंधावर प्रवेश द्यायला लागले असते तर मामांच्या पोरीचा निबंध कोणी दुरुस्त केला असता?

ऑगस्टात पहिली यादी लागली. पश्चिम महाराष्ट्रातलं एक खासगी कॉलेज मिळालं. काठ कुठं होता तेही दिसलं: सरकारीत तिच्या प्रवर्गाचं शेवटचं नाव तिच्या थोडंच वर होतं. मामा पुन्हा हळदीवर आले, आता भाव थोडा सुधारला होता. "एवढ्याशानं गेलं, म्हणजे पुढच्या वर्षी नक्कीच की!" मी टेबलाच्या खणातून जूनचा कागद काढला नाही, तो त्यांच्याच खिशात होता. मुलीनं विषय संपवला. ती जाऊन रुजू झाली, पुढच्या फेऱ्यांसाठी नाव ठेवलं आणि कॉलेज सुरू केलं. दुसऱ्या फेरीत काही हललं नाही. तिसऱ्या फेरीच्या आधी सप्टेंबरातल्या अतिवृष्टीनं मामांचं सोयाबीन पाण्यात गेलं, आणि फेरीच्या निकालाकडं घरातल्या कोणाचं लक्ष राहिलं नाही. मीच बघितलं. सरकारीची ओळ खाली आली होती, तिच्यापर्यंत आली नव्हती.

दिवाळीच्या आधी मामा अतिवृष्टी अनुदानाच्या ई-केवायसीला आले. सोबत कॉलेजनं दिलेली शुल्काची पावती आणि मुलीच्या महाडीबीटी अर्जासाठी लागणारे कागद, यावेळी पिशवीत नीट लावलेले. वसतिगृह आणि मेस मिळून माझ्या आकड्यापेक्षा जास्त झालं होतं. त्यावर त्यांनी मला थोडं सुनावलं. मग म्हणाले, ठेवलेल्यातली निम्मी हळद काढतो, निम्मी राहू देतो, भाव अजून चढेल असं हिंगोलीचा आडत्या म्हणतोय. त्याचा अंदाज कितपत धरायचा, असं त्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, मामा, त्याच्याकडं यादी असते का?